आधी आवाज घ्या

शेतीची लाईट दुपारी येणार होती, म्हणून शूटिंग सकाळी सातलाच सुरू झालं. लाईट आली की गावाच्या चारी अंगांनी मोटारी घरघरायला लागतात आणि संवाद रेकॉर्ड करण्यात अर्थ राहत नाही. बार्शी तालुक्यातल्या या गावात विनोदी स्किटचं चॅनल चालवणारी चार-पाच पोरं आठवड्याचं लाईटचं वेळापत्रक बघूनच शूटिंग लावतात.

मी तिथं गेलो तो एसटीत कानावर पडलेल्या आवाजामुळं. मागच्या सीटवर कुणीतरी मोबाईल लावला होता. मला चित्र दिसत नव्हतं; एक म्हातारी कुणाला तरी फैलावर घेत होती आणि मागची निम्मी गाडी हसत होती. चॅनलचं नाव विचारून घेतलं आणि पोरांना गाठलं.

त्यांचं सगळं सामान शाळेच्या दप्तरात मावतं. दोन मोबाईल, एक ट्रायपॉड, वायरचा कॉलर माईक आणि उजेड चेहऱ्यावर टाकायला थर्माकोलची शीट. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून घरात शूट करताना मोबाईल सेकंदाला २५ फ्रेमवर ठेवायचा. नाहीतर ट्यूबलाईट चित्रात लुकलुकते. हे त्यांना कुणी शिकवलं नाही, पहिले व्हिडिओ बिघडल्यावर कळलं.

माझं लक्ष मात्र आवाज घेणाऱ्या पोराकडंच जात राहिलं. दहावीनंतर शिक्षण सुटलेलं, गळ्यात इअरफोन. दुसरा मोबाईल तो नटाच्या खिशात घालतो, माईक सदऱ्याच्या आतून वर काढतो आणि टोकाला घोंगडीचा तुकडा बांधतो, वाऱ्याची फरफर येऊ नये म्हणून. खोलीला पत्रा, आवाज घुमतो. कॅमेऱ्यात न येणाऱ्या तिन्ही भिंतींवर त्यानं गोधड्या टांगल्या होत्या. टेकच्या आधी एक टाळी. एडिटिंगला बसल्यावर टाळीचा आवाज आणि टाळीचं चित्र जुळवलं की बाकीचं आपोआप जुळतं.

“चित्र जरा हाललं तर लोक बघत्यात,” तो म्हणाला. “आवाज फुटला की पुढं ढकलत्यात.”

त्या दिवशीचं स्किट मुलगी बघण्याच्या कार्यक्रमाचं होतं. शेतकरी मुलाला कुणी मुलगी देत नाही, म्हणून मुलाकडचे ‘मुलगा यूट्यूबर आहे’ असं सांगतात. मुलीचा बाप कपाळाला हात लावतो : “त्यापरीस शेती बरी होती की!” कागदावर एवढंच. बाकी नटांनी भरायचं. तमाशातली बतावणी अशीच जागच्या जागी रंगायची, आणि या पोरांत तो गुण कुठून आला हे वेगळं शोधायला नको.

आजीच्या भूमिकेतल्या मावशी एरवी खुरपणीला जातात. रोज बुडवून आल्या म्हणून पोरं त्यांना रोजाचे पैसे देतात; स्वतः मात्र कुणी रुपया घेत नाही. तिसऱ्या टेकला मावशींनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि आपल्या मनानंच विचारलं, “मोबाईलात तोंड दिसतंय, पर पोट भरतंय का?” आवाजवाला पोरगा फिस्सकन हसला. टेक गेला. पुढच्या टेकला तीच ओळ आली, पण रटाळ. शेवटी हसण्याचा टेकच ठेवायचं ठरलं. हसू जिथं येतं तिथं गोठ्यात वेगळं रेकॉर्ड केलेलं म्हशीचं हंबरणं घालायचं. दिवसभर कान लावून ऐकणारा हसला, म्हणजे ओळ चालणार, हा यांचा हिशेब.

पोट भरतंय का, याचं उत्तर त्यांच्या दुसऱ्या हिशेबात आहे. “चार हजार तास,” कॅमेरावाला म्हणाला. यूट्यूबवर मोठ्या व्हिडिओंच्या जोरावर जाहिरातींचा वाटा मिळायला १००० सबस्क्रायबर लागतात आणि त्याच्या जोडीला बारा महिन्यांत लोकांनी ४००० तास पाहिलेलं असावं लागतं. पाच मिनिटांचा व्हिडिओ ४८ हजार वेळा पूर्ण पाहिला तर ४००० तास होतात. लोकांनी निम्म्यात सोडला तर ९६ हजार वेळा. शॉर्ट्स बोटानं सरकवत पाहिले तर ते या तासांत धरत नाहीत. त्यानंतरही व्हिडिओवरच्या जाहिरातींच्या कमाईतले ५५ टक्के यांचे, ४५ टक्के यूट्यूबचे. ‘गावाकडच्या गोष्टी’ आणि ‘चांडाळ चौकडीच्या करामती’ या वेबसिरीज गावातूनच घराघरांत पोचल्या, हे प्रत्येक जण सांगतो. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि या पोरांतल्या दोघांचे जमवलेले फॉलोअर एका रात्रीत गेले, हे मात्र विचारल्यावरच कळलं.

‘मोबाईल आहे, मग चॅनल काढ’ असं म्हणणाऱ्यांनी या खोलीत एक सकाळ बसावं. हा पोरखेळ नाही. मजुरी आहे, आणि सध्या तरी बिनपगारी. नव्यानं सुरू करणाऱ्यानं पहिले पैसे कॅमेऱ्याऐवजी माईकला घालावेत. आणि तुम्ही-आम्ही बघणाऱ्यांनी एवढं करावं : गावाकडचं एखादं स्किट आवडलं तर मधेच पुढं ढकलू नये, शेवटपर्यंत बघावं. त्यांच्या चार हजार तासांत तेवढीच पाच मिनिटं जमा होतात.