एफएमवर सिंधी कधी, आगरी कधी?

सकाळी 6.45, डोंबिवली

चहाचं आधण ठेवलं की रेडिओ लावते. एका खासगी एफएम केंद्रासाठी ठाण्यापासून उल्हासनगरपर्यंतच्या जाहिराती मी आणते. माझ्या पार्टीचा स्पॉट ठरल्या वेळी वाजला की नाही, हे स्वतः ऐकल्याशिवाय मला चैन पडत नाही. पाडवा तोंडावर आलाय. सोनार, बिल्डर, दुचाकीवाले, सगळ्यांना याच आठवड्यात हवेवर जायचंय. जाहिराती बऱ्याचशा मराठी. मधली गाणी मात्र एकजात हिंदी.

8.30, स्टेशनकडे

शेअर रिक्षात रेडिओ नव्हता. ड्रायव्हरनं मोबाइलवर कोळीगीत लावलं होतं, आवाज सीटखालच्या स्पीकरमधून येत होता. एफएम का नाही लावत, असं विचारलं, तर म्हणाला, "तिथं आमचं काय लागतंय, ताई?" मुंबईचे मूळ रहिवासी म्हणून ज्यांचं नाव घेतात, त्यांचं गाणं मुंबईच्या एफएमवर कानावर पडणं दुर्मीळ. तेच आकाशवाणीनं कोळीगीतं, लोकगीतं घराघरांत पोहोचवली, कामगारांसाठी 'कामगारसभा' चालवली, सिंधी आणि गुजराती कार्यक्रमही मुंबई केंद्रावरून ऐकवले. त्यावर कोणी म्हणेल, ते सरकारी होतं, त्यांना धंदा कुठे करायचा होता? पण विविध भारतीनं 1967 सालीच जाहिराती घ्यायला सुरुवात केली होती.

11.00, ठाणे, राम मारुती रोड

साड्यांचं दुकान. मालकीणबाईंनी कोटेशन नीट वाचलं. दर दहा सेकंदांचा असतो, हे त्यांना ठाऊक आहे. "माझं गिऱ्हाईक कळव्यापासून घोडबंदरपर्यंतचं. कुलाब्याच्या माणसाला जाहिरात ऐकवायचे पैसे मी का द्यायचे?"

त्यांचं चूक नाही. सरकार एफएमचे परवाने शहरागणिक लिलावात विकतं. आमचं केंद्र मुंबईच्या परवान्यावर चालतं आणि ठाणे, कल्याण, उल्हासनगर त्यातच मोडतात. 2015 च्या लिलावात मुंबईची एक फ्रिक्वेन्सी शंभर कोटींहून जास्त किमतीला गेली. एवढा पैसा ओतणारा मालक जास्तीत जास्त श्रोते कुठे मिळतील तेच बघणार, आणि ते हिंदी सिनेमाच्या गाण्यांवर मिळतात. श्रोत्यांच्या मोजणीचंही तसंच. 2007 साली 'रॅम' ही मोजणी आली तेव्हा निवडक घरांत डायऱ्या देऊन कोण काय ऐकतं ते लिहून घेत. थोड्या घरांवरून अख्ख्या शहराचा अंदाज बांधला की लहान समाज त्यात दिसतच नाहीत. जो आकड्यात नाही, त्याच्यासाठी कार्यक्रम नाही. मग तो ऐकत नाही, आणि पुढच्या आकड्यातही येत नाही.

बाईंनी शेवटी पाडव्यापुरते स्पॉट घेतले.

2.45, उल्हासनगर

1949 साली कल्याण कॅम्पाचं उल्हासनगर झालं. फाळणीनंतर निर्वासित म्हणून आलेल्या सिंध्यांनी इथे बाजार उभे केले. कपड्यांचा घाऊक धंदा करणारे शेठ माझी जुनी पार्टी आहेत. सिंध्यांचा चेटीचंड पाडव्याला लागूनच येतो, म्हणून ते दरवर्षी दोन्ही सणांचे स्पॉट एकदम घेतात. या वेळी वीस सेकंदांच्या हिंदी स्क्रिप्टखाली त्यांनी स्वतःच्या हातानं एक ओळ लिहून ठेवली होती: चेटीचंड जूं लख लख वाधायूं.

"बेटा, इतना तो सिंधी में रखो."

तिथूनच मी ऑफिसला फोन लावला. प्रॉडक्शनवाल्याचं म्हणणं, बाकीच्या श्रोत्यांना कळणार नाही. शुभेच्छा कळत नाहीत असा माणूस असतो का? इंग्रजी जिंगल दिवसभर वाजतात, तेव्हा हा प्रश्न कोणी विचारत नाही. मी हटून बसले. ओळ राहिली. शेठ आत गेले आणि वडिलांना घेऊन आले. ऐंशी ओलांडलेल्या त्या गृहस्थांना मुलानं ओळ वाचून दाखवली. ते सिंधीत काहीतरी बोलले, शेठनी मला हिंदीत सांगितलं: घरात नातवंडं हिंदीतच बोलतात, रेडिओवर सिंधी ऐकली तर विचारतील तरी.

त्या दुकानातून निघतानाच माझं म्हणणं पक्कं झालं: लहान समाजांना व्यापारी एफएमवरच जागा हवी. पण त्यांचं नाव काढलं की आमच्याकडे ठरलेलं उत्तर मिळतं: त्यांच्यासाठी कम्युनिटी रेडिओ आहे. चांगली सोय आहे ती. 2002 साली शिक्षणसंस्थांना आणि 2006 साली सामाजिक संस्थांनाही परवाने द्यायचं सरकारनं ठरवलं. पण ट्रान्समीटरची ताकद 100 वॉटची, पल्ला जेमतेम दहा-बारा किलोमीटर. उल्हासनगरचा सिंधी माणूस एकटा उल्हासनगरात नाही. त्याची बहीण ठाण्याच्या कोपरीत, मामा मुलुंडला, व्याही चेंबूर कॅम्पात. कोळीवाडे कुलाब्यापासून वसईपर्यंत. असा विखुरलेला समाज एका आवाजात जोडायचा तर लांब पल्ल्याचाच ट्रान्समीटर हवा, आणि तो व्यापारी केंद्रांकडे आहे. साडीवाल्या बाईंना ज्या पल्ल्याचे पैसे फुकट जातात असं वाटतं, तोच पल्ला शेठना हवा आहे. लंडनमध्ये 1989 साली आशियाई श्रोत्यांसाठी सुरू झालेलं सनराइज रेडिओ हेही व्यापारी केंद्रच. तिथल्या आशियाई वस्तीतल्या दुकानदारांना आपलं गिऱ्हाईक कुठे भेटेल ते त्यामुळे कळलं.

5.30, कल्याण-शीळ रस्ता

लॉनच्या मालकांना लग्नसराईचं पॅकेज द्यायचं होतं. ते आगरी, त्यांच्या वडिलांची शेती होती त्याच जागेवर आता मंडप उभा राहतो. बोलणी चालू असताना त्यांच्या आत्या येऊन बसल्या. त्या धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून प्रत्येक विधीची गाणी, म्हणजे धवले, असतात, आणि पूर्वी ते गाणाऱ्या धवलारणीशिवाय लग्न लागत नसे. आता हळदीला डीजे असतो, त्यांना बोलावणं कमीच येतं.

"बाय, तुमचे रेडिओवं आमची गानी कवा लावनार?"

मी मोबाइल पुढे धरला, म्हटलं, तुम्ही म्हणा. डोळे मिटून, मांडीवर हातानं ताल धरत त्यांनी धवला सुरू केला. पंख्याचा आवाज मध्ये येत होता, म्हणून भाच्यानं उठून पंखा बंद केला. एक कडवं झालं की त्या थांबत आणि हे केव्हा म्हणायचं ते सांगत: हे घाणा भरताना, हे नवऱ्याला हळद लावताना. या गाण्यांचा कार्यक्रम केला, तर निवेदक शोधायची गरजच नव्हती.

9.15, घरी

जेवण उरकून प्रोग्रामिंगला मेल लिहिला. 1995 साली सर्वोच्च न्यायालयानं ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता ठरवली, हे पहिल्याच वाक्यात घातलं. आपण लिलावात त्या वापरायचा हक्क घेतला, लोकांचा त्यांच्यावरचा हक्क विकत घेतलेला नाही. शिवाय ज्यांच्या जाहिरातींवर केंद्र चालतं, त्यांची भाषा केंद्रावर नसावी हे मला पटत नाही. मागणी एवढीच: रविवारी सकाळी एक तास. एका रविवारी आगरी-कोळी, पुढच्या रविवारी सिंधी, मग भिवंडी-कल्याणचे कोकणी मुसलमान, मग मुरबाड-शहापूरचे ठाकूर आणि कातकरी. या शेवटच्यांकडे जाहिरातदार नाहीत. त्यांचा तास बाकीच्यांच्या कमाईतून चालावा, असं स्पष्ट लिहिलं. धवल्याचं रेकॉर्डिंग जोडलं.

उत्तर लगेच आलं: आधी प्रायोजक आण, मग बघू. शेठना फोन केला. पहिला सिंधी तास ते घ्यायला तयार आहेत. लॉनवाल्यांशी उद्या दहा वाजता बोलायचं ठरलंय. कातकऱ्यांच्या तासाचा खर्च कुठून उभा करायचा, तो हिशेब आत्ता मांडतेय.