आवडता बँड : वाद एक, प्रश्न तीन

‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ ही म्हण आपण शाळेत निबंधाच्या वहीत लिहितो, गुण मिळवतो आणि विसरून जातो. मला तिचा अर्थ उमगला तो वसतिगृहात. गेल्या पावसाळ्यात माझे दोन खोलीमित्र चार दिवस एकमेकांशी बोलले नाहीत. कारण मेसच्या हिशेबाचे नव्हते, की पंख्याखालच्या खाटेचेही नव्हते. एकाचे म्हणणे, ‘द लोकल ट्रेन’ हा देशातील सर्वांत चांगला रॉक बँड; दुसऱ्याचे म्हणणे, ‘इंडियन ओशन’पुढे बाकी सगळा पोरखेळ. रात्री उशिरापर्यंत चाललेला हा वाद शेवटी एकमेकांच्या अकलेपर्यंत गेला आणि त्यातून अबोला उभा राहिला.

त्या रात्री दोघांनीही माझ्याकडे वळून विचारले, ‘तुझा आवडता बँड कोणता?’ मी मोठ्या अडचणीत सापडलो. बँड म्हणजे लग्नातला, एवढीच माझी समजूत कॉलेजात येईपर्यंत होती. परंतु तसे सांगण्याची लाज वाटली. अंगात आठवडी बाजारातून घेतलेला टी-शर्ट होता. त्यावरील अक्षरे वाचून मी ठोकून दिले, ‘निर्वाणा!’ ‘त्यांचे कोणते गाणे?’ हा पुढचा प्रश्न आला आणि माझे पितळ उघडे पडले. मला ते भगवान बुद्धांच्या निर्वाणाविषयी काहीतरी वाटले होते, हेही मी बोलून गेलो. खोलीत जो हशा पिकला, तो मला अजून ऐकू येतो.

त्या हशामुळेच मी या विषयाच्या मागे लागलो. पुष्कळ ऐकले, मिळेल ते वाचले. त्यातून जे समजले, ते येथे मांडावयाचे आहे. कोणता बँड श्रेष्ठ, याचा निकाल मी देणार नाही. आपण ज्याला एक वाद समजतो, त्यात तीन निरनिराळे प्रश्न एकमेकांत अडकलेले असतात, एवढेच मला दाखवायचे आहे.

प्रथम थोडी ओळख. रॉक बँड म्हणजे साधारणपणे चार-पाच जणांचा ताफा. एक गाणारा, एक-दोन गिटारवाले, जाड तारांची बेस गिटार वाजवणारा आणि ड्रमवाला. सिनेमाच्या गाण्यात शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची आणि गळा तिसऱ्याचा असतो; बँडवाले बहुधा आपली गाणी आपणच रचून आपणच वाजवतात. आपल्या महाराष्ट्रातही हे नवे नाही. मुंबईत १९८४ साली ‘रॉक मशीन’ हा बँड निघाला. १९८६ पासून मुंबईत ‘इंडिपेंडन्स रॉक’ नावाचा बँडवाल्यांचा मेळा भरू लागला. पुण्यात २०१० साली ‘एनएच-सेव्हन वीकेंडर’ सुरू झाला. दिल्लीचा ‘इंडियन ओशन’ १९९० चा.

हे सारे मला नवीन होते, परंतु वाद मात्र मुळीच नवीन नव्हता. मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. धान कापून झाले, दिवाळी सरली, की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, कुठे शंकरपट होतो आणि रात्री नाटक असते. वडसा म्हणजे देसाईगंज हे नाटक कंपन्यांचे मोठे ठाणे. तेथून कंपन्या निघतात आणि होळीच्या सुमारापर्यंत गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांतील गावे रात्रभर जागवतात. पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात, सोयरिकीसुद्धा जुळतात. आणि गाव महिनाभर आधीपासून एकाच गोष्टीवर भांडत असते : यंदा कंपनी कोणती आणायची? तेव्हा खोलीमित्रांचा वाद ऐकताना मला पारावर बसल्यासारखेच वाटत होते; फक्त नावे तेवढी इंग्रजी होती. आता त्या तीन प्रश्नांकडे वळतो.

पहिला प्रश्न : मला आवडते म्हणजे ते चांगले असते काय?

माझा एक मित्र म्हणतो, ‘मला हा बँड आवडतो.’ दुसरा उत्तर देतो, ‘तो चांगला नाही.’ वस्तुतः या दोन वाक्यांत विरोधच नाही. आंबट बोर मला आवडते. ते गोड आहे असे मी म्हणत नाही. पण आपण ‘आवडते’च्या जागी ‘श्रेष्ठ’ म्हणतो आणि मग पुरावा शोधू लागतो. सर्वांत सोपा पुरावा म्हणजे आकडा. इंग्लंडात याचे मोठे उदाहरण घडले. ‘ब्लर’ आणि ‘ओअॅसिस’ या दोन बँडांनी १४ ऑगस्ट १९९५ या एकाच दिवशी आपापले गाणे बाजारात आणले. वर्तमानपत्रांनी त्याची लढाई केली. ‘ब्लर’च्या सुमारे २,७४,००० प्रती खपल्या, ‘ओअॅसिस’च्या सुमारे २,१६,०००. ‘ब्लर’ जिंकला! परंतु त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आलेला ‘ओअॅसिस’चा अल्बम इतका चालला, की इंग्लंडच्या सर्वाधिक खपाच्या अल्बमांत तो जाऊन बसला. मग श्रेष्ठ कोण? खपाने एवढेच कळते, की किती लोकांनी पैसे मोजले. आणि त्या भांडणात गाण्यापेक्षा दुसरेच काही अधिक होते. ‘ओअॅसिस’ची पोरे मँचेस्टरच्या कामगार वस्तीतली, ‘ब्लर’वाले दक्षिणेकडचे, शिकल्यासवरलेल्या घरांतले. बँडाच्या नावाने दोन थर एकमेकांशी बोलत होते.

‘इंग्रजी कळत नाही तर रॉक काय ऐकणार?’ असेही मला विचारण्यात आले. त्याचे उत्तर मला ‘इंडियन ओशन’नेच दिले. त्यांच्या २००० सालच्या ‘कंदिसा’ या अल्बमातील त्याच नावाचे गाणे केरळच्या सीरियन ख्रिस्ती लोकांच्या जुन्या प्रार्थनेवर आधारलेले आहे आणि ते सीरियाक भाषेत आहे. आमच्या वसतिगृहात त्यातला एक शब्द कोणाला कळत नाही, आणि तरीही ते सर्वांना आवडते. म्हणजे न कळणारे गाणे ऐकण्यात मी एकटाच अडाणी नव्हतो. आम्ही सगळे सारखेच होतो!

दुसरा प्रश्न : नाव कोणाचे आणि गळा कोणाचा?

‘द लोकल ट्रेन’चे गायक रमण नेगी २०२२ साली बँडातून बाहेर पडले. आता जो बँड त्याच नावाने गातो, तो तोच म्हणावा की दुसरा? माझा मित्र जुन्या गाण्यांच्या जोरावर भांडत होता आणि समोरचा आजच्या ताफ्याविषयी बोलत होता. दोघेही खरे होते. ते दोन वेगळ्या बँडांविषयी बोलत होते, एवढेच. याच्या उलट उदाहरण मुंबईचे. ‘रॉक मशीन’ने १९९३ साली ‘इंडस क्रीड’ असे नाव घेतले. पण गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर, अशी मुख्य माणसे तीच राहिली. एकीकडे नाव राहिले आणि गळा गेला. दुसरीकडे नाव गेले आणि गळा राहिला.

हा प्रश्न किती खरा आहे, ते आमच्या घराला चांगले ठाऊक आहे. मी अकरावीत असताना आमच्या गावच्या मंडळात दोन तट पडले. बाबा ज्या तटात होते, त्यांनी नावाजलेली कंपनी आणायचा हट्ट धरला. आमच्याकडे गावचे मंडळ कंपनीला ठरलेली रक्कम देते आणि तिकिटे विकून ती भरून काढते. तोटा आला तर तो मंडळातल्या माणसांच्या अंगावर. कंपनी आली, पण ज्या गायक नटासाठी लोक गाड्या जुंपून येत, तो त्या हंगामात दुसऱ्या कंपनीत गेला होता. ही बातमी आसपासच्या गावांना आमच्या आधी लागली. मंडप अर्धा रिकामा राहिला. बाबांच्या वाट्याचे पैसे भरायला घरच्या खाण्याच्या धानातून पोती विकावी लागली. तेव्हा आजी एकच वाक्य बोलली : ‘गरा त्याचा, नाव कंपनीचा!’ झाडीबोलीत ‘ळ’चा ‘र’ होतो. गरा म्हणजे गळा. खोलीतल्या मित्रांचा तासाभराचा वाद आजीने चार शब्दांत मिटवला असता, असे मला आता वाटते.

तिसरा प्रश्न : आपला कोण आणि परका कोण?

‘इंडी’ हा शब्द हल्ली फार ऐकू येतो. ‘इंडिपेंडंट’चे ते लघुरूप. पुष्कळांना वाटते, की ही गाण्याची एक तऱ्हा आहे. मुळात तसे नव्हते. पूर्वी रेकॉर्ड काढायची तर मोठ्या कंपनीचे दार ठोठवावे लागे. मँचेस्टरच्या ‘बझकॉक्स’ या बँडाने जानेवारी १९७७ मध्ये उसने पैसे घेऊन चार गाण्यांची रेकॉर्ड स्वतःच काढली. पहिल्या खेपेला प्रती एक हजार. ती खपली आणि इतरांना धीर आला. १९८० साली इंग्लंडात अशा गाण्यांची वेगळी क्रमवारी सुरू झाली. त्या यादीत नाव येण्यासाठी चाल कशी आहे हे पाहत नसत. रेकॉर्ड दुकानापर्यंत कोणी पोचवली, मोठ्या कंपनीने की स्वतंत्र विक्रेत्याने, एवढेच पाहत. पुढे शब्दाचा अर्थ सरकत गेला. माझ्या टी-शर्टावरच्या ‘निर्वाणा’चीही गोष्ट अशीच. त्यांचा पहिला अल्बम १९८९ साली सिएटलच्या ‘सब पॉप’ या छोट्या कंपनीने काढला. १९९१ चा ‘नेव्हरमाइंड’ मोठ्या कंपनीकडून आला आणि जगभर गाजला. मोठ्या कंपनीकडे गेलेला बँड आपला राहतो का, या प्रश्नावर तिकडचे रसिक अजून भांडतात. (आणि हो, त्या बँडाने ते नाव बौद्ध विचारातल्या त्याच शब्दावरून घेतले होते. म्हणजे ज्या बोलण्यावर खोली हसली, ते अगदीच चूक नव्हते!)

या मूळ अर्थाने पाहिले, तर आमची झाडीपट्टी रंगभूमी इंडीच म्हणावी लागेल. ना मोठी कंपनी, ना दूरदर्शन. धान विकून आलेल्या पैशातून तिकीट काढणारा प्रेक्षक हाच तिचा आधार. गडचिरोली जिल्ह्यातील परशुराम खुणे या झाडीपट्टीच्या नटाला २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा अनेक शहरवासीयांनी हे नाव प्रथम ऐकले असेल. आमच्याकडे मात्र ते लहान पोरालाही ठाऊक होते.

परंतु येथे एक सावधगिरी हवी. आपले आहे म्हणून ते चांगलेच, असे म्हटले की आपण पुन्हा पहिल्या प्रश्नाच्या खड्ड्यात पडतो. झाडीपट्टीतही सुमार नाटके होतात; कथानक सोडून नुसती नाचगाणी घुसवली जातात. जुनी माणसे ऑर्गन-तबल्याची आठवण काढून ऑक्टोपॅडला नावे ठेवतात, ते सारेच बरोबर नाही. अमेरिकेत जुलै १९६५ मध्ये बॉब डिलन न्यूपोर्टच्या लोकसंगीताच्या मेळ्यात विजेची गिटार घेऊन उभा राहिला, तेव्हा त्याच्याच चाहत्यांपैकी काहींनी त्याची हुर्यो उडवली. आज त्याच गाण्यांना लोक जुने आणि आपले म्हणतात. वाद्य बदलले म्हणून माणूस परका होत नाही.

तर मित्रांनो, पुढच्या वेळी असा वाद पेटला, की आधी विचारावे : आपण आवडीविषयी बोलतो आहोत, गुणाविषयी, की आपलेपणाविषयी? आवडीवर वाद घालू नये. गुणावर जरूर घालावा, पण ऐकून. आणि आपलेपणावर बोलताना समोरचा कोठून आला आहे हे ध्यानात ठेवावे, कारण तेथे गाण्याचा नव्हे, माणसाचा अपमान होतो. आमच्या खोलीत आता एक नियम आहे. दुसऱ्याच्या आवडीचे एक गाणे मध्ये न बोलता शेवटपर्यंत ऐकायचे, मगच तोंड उघडायचे. माझी पाळी आली तेव्हा मी मोबाइलवर आमच्या मंडईतल्या नाटकातले एक पद लावले. एकाला आवडले, एकाला नाही. पण कोणी हसले नाही.

अबोला धरलेले दोघे मित्र केव्हा बोलू लागले, ते मला सांगता येत नाही. बहुधा परीक्षेचा फॉर्म भरताना बोलले असावेत. मी मात्र यंदा दिवाळीत गावी मंडळाच्या बैठकीला बसलो आणि कंपनीशी ठराव करताना नावाबरोबर गाणाऱ्यांची नावेही कागदावर लिहून घ्या, असे सुचवले. बाबांनी माझ्याकडे पाहिले आणि विचारले, ‘कालेजात हेच सिकवतेत का?’

मी ‘हो’ म्हणालो.