एका दरीत सामावलेला इतिहास : नॉर्वेतील टिन



जलविद्युत आपण भूगोलात शिकतो, दुसरं महायुद्ध इतिहासात आणि हायड्रोजन विज्ञानात. आज एक असं ठिकाण पाहू, जिथे हे तिन्ही विषय एकाच दरीत भेटतात. नॉर्वेच्या दक्षिण भागात, टेलेमार्क प्रांतात टिन नावाचा ग्रामीण भाग आहे. नॉर्वेत स्थानिक स्वराज्य संस्थेला 'कोमून' म्हणतात. टिन कोमूनचं क्षेत्रफळ २,००० चौरस किलोमीटरहून जास्त, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या तालुक्यापेक्षाही मोठं. पण लोकसंख्या सहा हजारांच्या आत! डोंगर, पठार, तळी आणि विखुरलेली शेतं. त्यातलं मुख्य गाव म्हणजे र्‍युकान.

धुरासारखा धबधबा

र्‍युकान वसलंय एका खोल, अरुंद दरीत. शेजारी १,८८३ मीटर उंचीचा गाउस्टा डोंगर उभा. दरीतून मॉना नदी वाहते आणि वाटेत तिचा १०४ मीटर उंचीचा धबधबा आहे. त्याचे तुषार धुरासारखे वर उठत, म्हणून धबधब्याला 'धूर सोडणारा' अशा अर्थाचं नाव पडलं. गावाचं नावही त्यावरूनच आलं.

एकोणिसाव्या शतकात चित्रकार आणि प्रवासी हा धबधबा पाहायला लांबून येत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मात्र साम आयडे नावाच्या अभियंत्याने त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. त्याला दिसली ती वीज.

हवेतून खत

त्या काळी युरोपातल्या शेतीला नायट्रोजनयुक्त खत हवं होतं आणि ते मुख्यतः दक्षिण अमेरिकेतल्या चिलीमधून, खनिज रूपात यायचं. तो साठा संपला तर काय, ही मोठी चिंता होती. हवेत नायट्रोजन भरपूर असतो, पण पिकांना तो तसाच घेता येत नाही.

क्रिस्तियान बिर्केलान हे भौतिकशास्त्रज्ञ आणि आयडे यांनी १९०३ मध्ये एक पद्धत शोधली. विजेच्या प्रचंड तप्त ठिणगीतून हवा सोडायची. त्या उष्णतेत नायट्रोजन आणि ऑक्सिजनचा संयोग होतो. त्यापासून नायट्रिक आम्ल करायचं आणि चुनखडीच्या साहाय्याने त्याचं खत बनवायचं. (पावसाळ्यात वीज चमकते तेव्हा आकाशातही थोडंफार हेच घडतं.) अडचण एकच, याला वीज अफाट लागते. म्हणून १९०५ मध्ये 'नॉर्स्क हायड्रो' ही कंपनी निघाली आणि तिने या दरीत वीजकेंद्र व कारखाने उभारले. १९११ मध्ये सुरू झालेलं वेमोर्क वीजकेंद्र त्या वेळी जगातलं सर्वांत मोठं होतं. पाणी सुमारे ३०० मीटर उंचीवरून नळांतून खाली येई. दरी जितकी खोल, तितका पाण्याचा जोर जास्त, हे लक्षात ठेवा.

मोजक्या शेतघरांच्या जागी काही वर्षांत कामगारांची घरं, शाळा, रेल्वे, सगळं झालं. खताचे डबे रेल्वेने टिन सरोवरापर्यंत जायचे आणि तिथून फेरीबोटीवर चढून पलीकडे.

जड पाणी

पुढे खत बनवण्याची पद्धत बदलली. आता हायड्रोजन लागू लागला. तो पाण्याच्या विद्युत अपघटनातून, म्हणजे पाण्यातून वीज सोडून, मिळवत. साध्या पाण्यात हायड्रोजनच्या सहा-सात हजार अणूंमागे एखादाच अणू दुप्पट वजनाचा असतो. त्याला ड्युटेरिअम म्हणतात. अपघटनात हलका हायड्रोजन आधी निघून जातो आणि उरलेल्या पाण्यात ड्युटेरिअमचं प्रमाण वाढत जातं. असं पुन्हा पुन्हा केलं की मिळतं ते 'जड पाणी'. वेमोर्कमध्ये १९३४ पासून ते तयार होऊ लागलं.

सुरुवातीला त्याचा उपयोग प्रयोगशाळांपुरता होता. पण अणुभट्टीत न्यूट्रॉनचा वेग कमी करायला ते कामी येतं, हे कळलं आणि चित्र बदललं. आपल्या तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीतही जड पाणीच वापरतात. रायगड जिल्ह्यात थळ इथे खत कारखान्याला जोडूनच जड पाण्याचा प्रकल्प आहे. खत आणि जड पाणी यांचं नातं तिथेही दिसतं.

युद्ध दारात येतं

एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने नॉर्वेवर आक्रमण केलं आणि वेमोर्क नाझींच्या ताब्यात गेलं. जर्मनी अणुबाँब बनवेल, अशी भीती मित्रराष्ट्रांना होती. २७-२८ फेब्रुवारी १९४३ च्या रात्री योआकिम रोन्नेबर्ग यांच्या नेतृत्वाखाली नऊ नॉर्वेजियन तरुण बर्फातून दरी उतरले, पलीकडचा कडा चढले आणि त्यांनी जड पाण्याची यंत्रं उडवून दिली. एकही गोळी झाडली गेली नाही, कोणी मेलं नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. यंत्रं दुरुस्त झाली. नोव्हेंबर १९४३ मध्ये अमेरिकन विमानांनी बाँब टाकले, त्यात वीसहून अधिक नागरिक गेले. मग जर्मनांनी उरलेलं जड पाणी आपल्या देशात न्यायचं ठरवलं. वाट तीच, रेल्वे आणि टिन सरोवरातली फेरीबोट.

त्या बोटीतून गावातलेच लोक प्रवास करत. बोट बुडवायची तर आपलीच माणसं मरणार. क्नुत हाउकेलिद आणि त्यांच्या साथीदारांनी लंडनला विचारलं, हे खरंच आवश्यक आहे का? उत्तर आलं, आहे. प्रवासी कमी असतात म्हणून त्यांनी रविवार निवडला. कोणाला सावध करणं शक्य नव्हतं. २० फेब्रुवारी १९४४ ला बोट बुडाली आणि १८ जण गेले. त्यातले १४ नॉर्वेजियन नागरिक होते. युद्धानंतर कळलं, की जर्मनी अणुबाँबपासून बराच दूर होता. पण ज्यांना निर्णय घ्यायचा होता, त्यांना तेव्हा हे माहीत नव्हतं. त्यांच्या जागी तुम्ही असता तर?

उन्हाची गोष्ट

आता त्या खोल दरीकडे परत येऊ. र्‍युकान साधारण ६०° उत्तर अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरच्या सुमारास तिथे भर दुपारी सूर्य क्षितिजापासून किती वर असेल? ९० मधून ६० वजा करा, मग २३.५. उरले फक्त ६.५ अंश! एवढा खाली असलेला सूर्य डोंगराआडच राहतो. त्यामुळे सप्टेंबरअखेरपासून मार्चपर्यंत गावात थेट ऊन पडत नाही. ज्या खोलीने वीज दिली, तिनेच ऊन अडवलं.

यावर कंपनीने १९२८ मध्ये रोपवे बांधून दिला, निदान वर जाऊन लोकांना ऊन खाता यावं म्हणून. आणि २०१३ मध्ये डोंगरावर, गावापासून सुमारे ४५० मीटर उंचीवर तीन मोठे आरसे बसवले. संगणक त्यांना सूर्यासोबत फिरवतो आणि ऊन थेट गावच्या चौकात पडतं. खर्चावरून आधी गावात वाद झाला होता, पण उद्घाटनाला लोक गॉगल लावून जमले! जुनं वेमोर्क केंद्र आता संग्रहालय आहे आणि २०१५ पासून हा औद्योगिक परिसर जागतिक वारसा यादीत आहे.

करून पाहा

१. आपल्या गावाचा अक्षांश शोधा आणि २२ डिसेंबरच्या दुपारी सूर्य किती अंश वर असेल ते काढा.
२. हातातल्या आरशाने भिंतीवर कवडसा पाडा आणि आरसा न हलवता अर्धा तास थांबा. कवडसा कुठे सरकला? र्‍युकानचे आरसे सतत का फिरवावे लागतात, ते मग लगेच कळेल.
३. तुमच्या गावाचं नाव कशावरून पडलं? घरातल्या थोरांना विचारा आणि पाच ओळी लिहून वर्गात वाचा.