जुन्या ट्रॅक्टरचे इंजिन का तापते?

मृगाचा पाऊस पडून जमिनीला वाफसा आला, की पेरणीसाठी शेतकऱ्याच्या हाती मोजकेच दिवस असतात. अशा वेळी जुना ट्रॅक्टर तासाभरातच तापू लागला, रेडिएटरमधून वाफा निघू लागल्या आणि इंजिन बंद करावे लागले, तर त्या दिवसांतील एकेक दिवस हातचा जातो. वाफसा कोणासाठी थांबत नाही. पुष्कळ शेतकरी अशा वेळी रेडिएटरमध्ये पुन्हा पाणी ओततात व काम तसेच रेटून नेतात. पुढे केव्हा तरी हेड वाकते किंवा पिस्टन धरतो आणि किरकोळ खर्चात भागणारे काम मोठ्या दुरुस्तीवर जाते.

इंजिन तापणे हा रोग नसून रोगाचे लक्षण आहे, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. लक्षण एकच असले तरी कारणे अनेक असतात. ती क्रमाने तपासली, तर त्यांपैकी बरीचशी शेतकऱ्याला स्वतःच ओळखता येतात.

इंजिन थंड कसे राहते?

डिझेल इंजिनात जळणाऱ्या इंधनाची सगळी उष्णता कामी येत नाही. ढोबळ मानाने तिचा एक तृतीयांश भाग प्रत्यक्ष कामास येतो, जवळजवळ तेवढाच धुराबरोबर निघून जातो आणि उरलेल्यापैकी बराचसा थंड करणाऱ्या पाण्याला वाहून न्यावा लागतो. हे पाणी सिलिंडरांभोवतीच्या पोकळीत तापते, वरच्या होज नळीतून रेडिएटरमध्ये येते, बारीक नळ्यांतून खाली उतरताना पंख्याच्या वाऱ्याने निवते आणि खालच्या नळीतून पाणीपंपाकडे परत जाते. वाटेत थर्मोस्टॅट नावाची झडप असते. इंजिन गरम होईपर्यंत ती पाण्याला रेडिएटरकडे जाऊ देत नाही.

रेडिएटरचे झाकण केवळ पाणी सांडू नये म्हणून नसते. ते आत दाब राखते. अर्धा किलो प्रति चौरस सेंटिमीटर एवढा जादा दाब असला, तर पाणी १०० ऐवजी सुमारे ११० अंश सेल्सिअसला उकळते. झाकणाचे रबर कडक झाले किंवा स्प्रिंग सैल पडली, तर चांगल्या इंजिनातील पाणीसुद्धा लवकर उकळून बाहेर पडते.

काही ट्रॅक्टरांची इंजिने पाण्याऐवजी हवेने थंड होतात. त्यांच्या बाबतीत सिलिंडरावरील पंखांमधील धूळ व वारा देणाऱ्या पंख्याचा पट्टा यांकडेच मुख्यतः लक्ष द्यावे.

सर्वप्रथम सावधगिरी

तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही एकदम उघडू नये. आतील दाबाखालचे पाणी क्षणात वाफ होऊन उसळते व तोंड, छाती आणि हात भाजतात. इंजिन बंद करून निदान अर्धा तास थांबावे. नंतर झाकणावर जाड फडके ठेवून ते पहिल्या खाचेपर्यंतच फिरवावे, वाफ पूर्ण निघून जाऊ द्यावी आणि मगच काढावे. पट्टा किंवा पंखा तपासताना इंजिन बंद असावे. धोतराचा सोगा, उपरणे, साडीचा पदर चालू पंख्याजवळ नेऊ नये.

बाहेरून आत तपासणी

१. पाणी : थंड इंजिनात पाण्याची पातळी पाहावी. ती कमी असेल तर गळती शोधावी. होज नळ्यांच्या पकडी, रेडिएटरचे सांधे आणि पाणीपंप ही नेहमीची ठिकाणे होत. पंपाच्या खालच्या अंगास एक लहान छिद्र असते. तेथून पाणी ठिबकत असल्यास पंपाचे सील गेले आहे असे समजावे. ते छिद्र बुजवू नये, कारण गळणारे पाणी बेअरिंगमध्ये न जाता बाहेर पडावे म्हणूनच ते ठेवलेले असते.

२. पट्टा : दोन चाकांच्या मध्यावर अंगठ्याने दाबल्यास पंख्याचा पट्टा साधारण १२ ते १५ मिलिमीटर दबावा. नेमके माप उत्पादकाच्या पुस्तिकेत पाहावे. सैल, तेलकट किंवा गुळगुळीत झालेला पट्टा घसरतो. मग पंखा आणि पंप दोन्ही मंद फिरतात.

३. वारा : रेडिएटरच्या जाळीत भुसा, धूळ व किडे अडकले, तर पाणी भरपूर असूनही इंजिन तापते. एका गावी मळणीच्या दिवसांत ट्रॅक्टर अर्ध्या तासात तापत असे. मालकाने पाणीपंप बदलला, थर्मोस्टॅट काढून टाकला, तरी गुण येईना. अखेर पुढची संरक्षक जाळी काढून पाहिले, तेव्हा तिच्यामागे रेडिएटरवर गव्हाच्या भुशाचा नमद्यासारखा थर बसलेला आढळला. पंपाचा खर्च वाया गेला, हंगामाचे दोन दिवसही वाया गेले आणि इलाज मात्र नळीभर पाण्याचा निघाला. ट्रॅक्टरचा पंखा वारा बहुधा पुढून आत ओढतो. म्हणून जाळी धुताना पाण्याची मंद धार पंख्याच्या बाजूने पुढे सोडावी. जोरदार धारेने पातळ पट्ट्या वाकतात व वाऱ्याची वाट उलट बंद होते.

४. नळ्या : इंजिनाचा वेग वाढविला असता खालची नळी चपटी होते काय, हे दूर उभे राहून पाहावे. आतून पिचलेली नळी पंपाच्या ओढीने मिटते व पाण्याचा ओघ थांबतो. अशी नळी बदलावीच.

केव्हा तापते, यावरून निदान

इंजिन सुरू केल्यावर थोड्याच वेळात तापले आणि वरची नळी थंडच राहिली, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असण्याचा संभव असतो. पाणी अतिशय कमी असले तरीही असे घडते. वरची नळी कढत, खालची अगदी थंड आणि काटा लाल खुणेवर असेल, तर रेडिएटर आतून तुंबला आहे किंवा पाणी फिरत नाही. हलक्या कामात ठीक आणि नांगरटीस लावताच गरम, असे होत असल्यास रेडिएटर आतून वा बाहेरून काही अंशी बंद झालेला असतो. ह्याच वेळी धूरही काळा येत असेल, तर ओझे जास्त आहे, हवेचा फिल्टर तुंबला आहे किंवा इंधन सोडण्याची वेळ चुकली आहे काय, हे जाणकाराकडून पाहून घ्यावे.

इंजिन बंद करून ते बेताचे गरम असताना रेडिएटरवर हात फिरवावा. मधेच थंड पट्टे लागल्यास तेथील नळ्या बंद आहेत. काट्यावरही आंधळा विश्वास ठेवू नये. पाणी निघून गेल्यावर काट्याचा संवेदक कोरडा पडतो आणि इंजिन जळत असतानाही काटा कमी उष्णता दाखवू शकतो.

थर्मोस्टॅट काढून टाकणे हा उपाय नव्हे

‘आपल्याकडे ऊन फार, थर्मोस्टॅट हवा कशाला?’ असे म्हणून तो काढून टाकण्याची प्रथा बरीच आढळते. त्यामुळे इंजिन आवश्यक तेवढे गरम होत नाही, डिझेल जास्त लागते, वंगण तेल लवकर खराब होते व सिलिंडर झिजतात. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट नसला, की पाण्याचा काही भाग रेडिएटर टाळून आडवाटेने परत फिरतो आणि इंजिन अधिकच तापते. थर्मोस्टॅट तपासणे सोपे आहे. तो दोरीने पाण्याच्या पातेल्यात सोडावा, शेजारी उष्णतामापक धरावा आणि पाणी तापवावे. त्यावर कोरलेल्या अंशाच्या आसपास, म्हणजे बहुधा ७५ ते ८५ अंशांच्या दरम्यान, तो उघडू लागला पाहिजे. उघडत नसेल तर त्याच अंशाचा नवा बसवावा.

हेड गॅसकेटची लक्षणे

बाहेर कोठेही गळती नसताना पाणी रोज कमी होणे, इंजिन चालू करताच रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येणे, गरम झाल्यावरही पांढरा वाफाळ धूर निघत राहणे किंवा तेलाच्या पट्टीवर दुधाळ तेल दिसणे, यांपैकी काहीही आढळल्यास इंजिन चालवू नये. गॅसकेट फुटले आहे किंवा हेडला तडा गेला आहे. तेलात पाणी मिसळल्यावर बेअरिंगे फार काळ टिकत नाहीत. हे काम कुशल मिस्त्रीचेच होय.

पाणी कसे असावे?

विहिरीच्या जड पाण्यातील क्षार तापल्यावर सिलिंडरांभोवती व रेडिएटरच्या नळ्यांत थर धरून बसतात. चहाच्या भांड्यात बसणारा पांढरा थर तोच. हा थर उष्णता बाहेर जाऊ देत नाही. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णेच्या खोऱ्यात, ज्याला खारपाणपट्टा म्हणतात, तेथे तर विहिरीचे खारे पाणी धातूही खाते. अशा भागात स्वच्छ साठविलेले पावसाचे पाणी किंवा शुद्ध केलेले पाणी वापरावे.

त्याहून चांगले म्हणजे उत्पादकाने सांगितलेल्या जातीचे व प्रमाणातील कूलंट. आपल्याकडे पाणी गोठण्याचे भय क्वचितच, म्हणून कूलंटची गरज नाही असा समज आहे. परंतु त्यातील द्रव्ये गंज रोखतात आणि डिझेल इंजिनाच्या लायनरला बाहेरून पडणारी बारीक छिद्रे टाळतात. मात्र बहुतेक कूलंटमधील इथिलीन ग्लायकॉल विषारी असून चवीला गोड असते. सांडलेले कूलंट गुरे व कुत्री चाटतात आणि दगावू शकतात. म्हणून ते झाकण असलेल्या डब्यात काढावे आणि गोठ्याजवळ, ओढ्यात किंवा विहिरीच्या आसपास कधीही ओतू नये.

जीप व मोटारीचा हीटर

जुन्या जीपमध्ये किंवा मोटारीत हीटर असल्यास निदानास तो मोठा आधार ठरतो. हीटर म्हणजे इंजिनाच्याच गरम पाण्यावर चालणारा छोटा रेडिएटर होय. काटा गरम दाखवीत असून हीटरची हवा थंड असेल, तर पाणी कमी आहे, आत हवा अडकली आहे, पंप पाणी फिरवीत नाही किंवा हीटरच्याच नळ्या तुंबल्या आहेत. काटाही खाली आणि हवाही कोमट, तर थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे. काचेवर आतून चिकट धुके येणे व पायाखाली ओल दिसणे ही हीटर गळत असल्याची खूण आहे. वाटेत गाडी तापू लागली, तर हीटर पूर्ण उघडल्याने थोडी उष्णता बाहेर पडते आणि सुरक्षित जागी पोहोचण्यास मदत होते.

शेतात इंजिन तापल्यास

काटा लाल खुणेकडे सरकताच ओझे काढावे. पाणी शिल्लक असेल तर काही मिनिटे इंजिन मंद चालू ठेवून नंतर बंद करावे, म्हणजे उष्णता एकदम एका जागी कोंडत नाही. पाणी निघून गेले असेल किंवा वाफ जोरात येत असेल, तर मात्र ताबडतोब बंद करावे. तापलेल्या इंजिनात वा इंजिनावर थंड पाणी ओतू नये. त्याने हेडला तडा जातो. इंजिन निवल्यावर हळूहळू पाणी भरावे.

नित्याची निगा

रोज सकाळी इंजिन थंड असताना पाणी व तेल पाहावे. मळणीच्या दिवसांत जाळी दुपारी व संध्याकाळी झाडावी. आठवड्यातून एकदा पट्टा व नळ्या तपासाव्यात. कूलंट पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीने बदलावे आणि त्या वेळी रेडिएटर व इंजिन या दोहोंची पाणी काढण्याची तोंडे उघडून आतील गाळ स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पेरणीपूर्वी, निदान वैशाखात, गावातील ट्रॅक्टरमालक व चालक यांना एकत्र बोलावून एखाद्या जुन्या ट्रॅक्टरवरच ही तपासणी करून दाखवावी. त्यासाठी एक पाना, एक उष्णतामापक, एक पातेले व पाण्याची नळी एवढे साहित्य पुरेसे आहे. सकाळच्या दहा मिनिटांच्या तपासणीने वाफशाचा एक दिवस वाचला, तरी तिचे चीज झाले.