वय नको, खेळ पाहा!

बालमित्रांनो, लासलगावच्या बाजारात कांद्याची प्रतवारी आकारावरून होते. मोठा कांदा वेगळा, गोल्टी वेगळी. बुद्धिबळाच्या वर्गात मात्र मुलांची अशी प्रतवारी करून चालत नाही! सातवीतली ताई पहिल्यांदाच पट मांडत असेल, तर तिनं पहिल्या वर्गातच बसावं. तिसरीतला भाऊ पुढच्या वर्गात असला म्हणून काय झालं?

स्वतःलाच तीन प्रश्न विचारा. सगळ्या सोंगट्यांच्या चाली न अडखळता येतात का? राजाला शह नसताना एकही चाल उरली नाही, तर डाव बरोबरीत सुटतो, हे ठाऊक आहे का? समोर एकटा राजा उरला, तर आपला राजा आणि हत्ती घेऊन मात देता येते का? जिथं अडाल, तिथून तुमचा वर्ग सुरू!

नाशिकचा विदित गुजराथी २००८ साली १४ वर्षांखालील गटात जगज्जेता झाला. तो गट वयाचा. २०१३ साली तो ग्रँडमास्टर झाला. हा किताब मात्र वय विचारत नाही, खेळच पाहतो.

आणि आई-बाबा, फार सोप्या वर्गात मूल कंटाळतं, फार अवघड वर्गात रोज हरून पटच मिटून ठेवतं. तेव्हा फी भरण्याआधी शिक्षकांसमोर त्याला एक डाव खेळू द्या.