सुईचे शतक आणि तुलनेची मापे

मधुमेहावरील टोचून घ्यावयाच्या औषधांचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास पाहू लागले म्हणजे असे आढळते की, औषधे बदलली त्याहून अधिक त्यांचे मोल ठरविणारी मापे बदलली. आणि सेमाग्लुटाइड श्रेष्ठ की टिर्झेपटाइड, हा जो वाद हल्ली दवाखान्याच्या बाकांपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत रंगतो, तो बहुधा अनिर्णित राहतो, कारण वादी आणि प्रतिवादी यांनी निरनिराळी मापे हाती धरलेली असतात.

पहिले माप प्राणाचे होते. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटो येथे लेनर्ड टॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला बँटिंग आणि बेस्ट यांनी सिद्ध केलेला स्वादुपिंडाचा अर्क, म्हणजेच इन्सुलिन, प्रथम टोचण्यात आला. तो अशुद्ध असल्याने अपेक्षित गुण आला नाही, परंतु कॉलिप यांनी अधिक शुद्ध केलेला अर्क २३ जानेवारीपासून सुरू होताच मुलाच्या रक्तातील साखर झपाट्याने उतरली. त्यापूर्वी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून मरण थोडे लांबविणे, एवढाच काय तो इलाज वैद्यकाच्या हाती होता. ज्याच्या शरीरात इन्सुलिन मुळी तयारच होत नाही, त्याच्यापुरते हे पहिले माप आजही अबाधित आहे. नव्या औषधांपैकी एकही इन्सुलिनची जागा घेऊ शकत नाही, ही गोष्ट तुलनेच्या आरंभीच नमूद करणे अवश्य आहे.

जीव वाचल्यावर मग सोयीचा विचार सुरू झाला. हागेडॉर्न यांनी १९३६ मध्ये प्रोटॅमिनच्या योगाने इन्सुलिनचा अंमल लांबविला, १९८२ मध्ये जिवाणूंकरवी मानवी इन्सुलिन बनू लागले, १९८५ मध्ये इन्सुलिन टोचण्याचे पेन आले. आपल्याकडे मात्र काचेची पिचकारी पातेल्यात उकळून घेण्याचा शिरस्ता कित्येक घरांत दीर्घकाळ चालला. दुधाळ इन्सुलिनची बाटली जोराने न हलविता दोन्ही तळहातांमध्ये हलकेच घोळवावी, आणि ४० युनिटांच्या बाटलीला लाल टोपणाचीच सिरिंज वापरावी, नारिंगी टोपणाची १०० युनिटांची नव्हे, ही शिकवण आजही प्रत्येक नव्या रोग्यास द्यावी लागते. परंतु सोय कितीही वाढली, तरी साखर एकाएकी फार उतरण्याची भीती आणि हळूहळू चढणारे वजन, या दोन बाबी इन्सुलिनच्या जमाखर्चात खर्चाच्या बाजूस कायमच राहिल्या.

तोंडावाटे दिलेली साखर शिरेतून दिलेल्या साखरेपेक्षा स्वादुपिंडास अधिक उत्तेजित करते, हे शास्त्रज्ञांना पूर्वीच ठाऊक झाले होते. त्यामागील आतड्यातील एक प्रमुख संप्रेरक, जीएलपी-१, १९८० नंतरच्या दशकात हॅबनर, स्वेतलाना मोयसोव आणि डेन्मार्कचे होल्स्ट यांच्या संशोधनाने उजेडात आले. साखर वाढलेली असेल तेव्हाच ते इन्सुलिनला चालना देते, जठर सावकाश रिते करते आणि क्षुधा आवरते. दोष एकच, की ते रक्तात दोनएक मिनिटांतच नष्ट होते. न्यूयॉर्कच्या जॉन एंग यांना गिला मॉन्स्टर नामक विषारी सरड्याच्या विषात त्याच धर्तीचा, परंतु टिकाऊ, पदार्थ सापडला आणि त्यातून २००५ मध्ये दिवसातून दोनदा टोचावयाचे एक्झेनेटाइड अवतरले. पुढे रोज घ्यावयाचे लिराग्लुटाइड आले, आणि २०१७ मध्ये आठवड्यातून एकदाच पुरणारे सेमाग्लुटाइड अमेरिकेत मधुमेहासाठी मान्य झाले.

या औषधांनी वजन उतरते, हा आरंभी आनुषंगिक लाभ होता. पुढे तोच मुख्य हेतू झाला. मधुमेह नसलेल्या स्थूल व्यक्तींत सेमाग्लुटाइडच्या २.४ मिलिग्रॅम मात्रेने ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन घटले. जीएलपी-१ बरोबर जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकाचेही काम करणाऱ्या टिर्झेपटाइडशी त्याची समोरासमोर तुलना २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा ७२ आठवड्यांत टिर्झेपटाइडने २०.२ तर सेमाग्लुटाइडने १३.७ टक्के घट दिसली. निकाल स्पष्ट आहे. पण तो मधुमेह नसलेल्यांपुरता. मधुमेही रोग्यांत सेमाग्लुटाइडची तीच मात्रा ९.६ टक्क्यांवर थांबली होती, आणि टिर्झेपटाइडची सर्वोच्च मात्राही वेगळ्या परीक्षणात १४.७ टक्क्यांवर, तेव्हा शेजाऱ्याच्या आकड्यावरून आपली अपेक्षा बांधणाऱ्या मधुमेह्याने निराश होऊन औषधास बोल लावणे न्यायाचे नाही.

शिवाय वजनकाटा हेच माप मानले, तर आपल्या देशात घोटाळा अटळ आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन या दोघांचे एकत्र छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट' नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचा एकच, २२.३, परंतु शरीरातील मेद युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्यात २१.२ टक्के. काट्यावर समान दिसणाऱ्या दोन देहांत एवढी तफावत असेल, तर किती किलो उतरले यापेक्षा मेद किती आणि स्नायू किती उतरले, हे विचारणे आपल्याला अधिक लागू पडते. कारण या औषधांनी दोन्ही उतरतात, आणि म्हणूनच प्रथिनयुक्त आहार व व्यायाम यांना रजा देता येत नाही.

आणखी एक माप हृदयाचे. मधुमेह नसलेल्या, परंतु हृदयविकार व अतिरिक्त वजन असलेल्या १७,६०४ जणांत सेमाग्लुटाइडने हृदयविकाराचा झटका, पक्षाघात व हृदयविकारजन्य मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी घटविले, असे २०२३ मध्ये सिद्ध झाले. ज्याला आधीच एक झटका येऊन गेला आहे, त्याच्या दृष्टीने हा पुरावा चार-पाच किलोंच्या अधिक घटीपेक्षा निश्चितच वजनदार ठरतो. उलट मळमळ, ओकारी व बद्धकोष्ठ हे उपद्रव दोहोंकडे सारखेच. म्हणूनच टिर्झेपटाइड २.५ मिलिग्रॅमपासून आरंभून चार-चार आठवड्यांच्या पायऱ्यांनी चढविण्याचा दंडक आहे, आणि लवकर बारीक होण्याच्या घाईने तो मोडणाऱ्याची फजिती अन्नावरची वासना उडण्यापर्यंत जाते.

मार्च २०२५ मध्ये टिर्झेपटाइड भारतात आले, तेव्हा २.५ मिलिग्रॅमच्या एका कुपीची किंमत ३,५०० रुपये होती, म्हणजे आरंभीच्या मात्रेलाच महिन्याला १४,००० रुपये. त्याच वर्षी जूनमध्ये वजनासाठीचे सेमाग्लुटाइडही दाखल झाले. सेमाग्लुटाइड थांबविल्यानंतर वर्षभरात गमावलेल्या वजनापैकी दोन-तृतीयांश परत आल्याचे परीक्षणात दिसून आले आहे, आणि टिर्झेपटाइड सोडणाऱ्यांचीही स्थिती याच वळणाची आहे. यास्तव, जे औषध पाच वर्षे परवडेल, पचेल आणि ज्यावर तज्ज्ञाची देखरेख राहील, ते सहा महिन्यांत अधिक किलो उतरवून खर्चापायी सोडून द्यावे लागणाऱ्या औषधाहून सरस. आणि हे अखेरचे माप कोणत्याही परीक्षणाच्या कोष्टकात सापडत नसल्याने ते रोग्याने व त्याच्या डॉक्टरांनी पहिली कुपी उघडण्यापूर्वीच एकत्र बसून लावले पाहिजे.