तारेतल्या पट्ट्या आणि शेजाऱ्याची वही

आमच्या जुन्या घराच्या पडवीत खुंटीला एक जाड तार लटकत असे. वडील बाजारातून आले की खिशातली पट्टी काढून त्या तारेत ओवायचे. गोण्या, वजन, भाव, हमाली, तोलाई, आडत आणि सगळ्यात खाली हाती आलेली रक्कम, असं सगळं त्या पट्टीवर असे. कांद्याचा हंगाम संपेपर्यंत तार भरून जायची. खताची उधारी मात्र दुकानदाराच्या वहीत असे, मजुरी आईच्या तोंडपाठ आणि विजेचं बिल कपाटात. घरच्या माणसांनी वर्षभर उपसलेल्या कष्टांची नोंद कुठेच नव्हती. साल कसं गेलं, असं कोणी विचारलं तर उत्तर ठरलेलं असायचं: यंदा भावानं तारलं, किंवा यंदा भावानं मारलं.

शेतीचा हिशेब आपल्याकडे कुणी केलाच नाही, असं मात्र नाही. शंभराहून अधिक वर्षं तो होतो आहे. पुण्याच्या शेती महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी सहकाऱ्यांना घेऊन पिंपळे सौदागर हे गाव पिंजून काढलं आणि १९१७ साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. कुणाकडे किती जमीन, तिचे तुकडे किती, त्यात घर चालतं का, हे त्यांनी घरटी तपासलं. १७७१ मध्ये त्या गावात खातेदारामागे सरासरी ४० एकर जमीन होती, ती १९१५ पर्यंत ७ एकरांवर आली होती. पुढे १९२१ मध्ये जातेगाव बुद्रुकचा अभ्यास आला. आज पिंपळे सौदागरात शेतं शोधावी लागतात, पण गावाचा जमा-खर्च मांडायची रीत तिथून सुरू झाली.

पुण्यात १९३० साली गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली. १९४० मध्ये धनंजयराव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्याने वाई तालुक्यातल्या शेतीधंद्याची पाहणी प्रसिद्ध केली. शेती हा धंदा आहे आणि धंद्याला ताळेबंद लागतो, हा विचार त्या पाहणीच्या नावातच होता. साधारण त्याच सुमारास, १९३६ पासून, इंग्लंडात शेतीच्या जमा-खर्चाची दरवर्षी पाहणी सुरू झाली. ती आजही चालू आहे. तिथला शेतकरी आपले आकडे आपल्यासारख्याच इतर शेतांच्या आकड्यांशी ताडून पाहू शकतो. धंद्याच्या भाषेत यालाच बेंचमार्किंग म्हणतात.

आपल्याकडे हिशेबाची वाट वेगळी निघाली. १९५४-५५ पासून नगर आणि नाशिक जिल्ह्यांत शेती-व्यवस्थापनाचे मोठे अभ्यास झाले. नोंदणी करणारे कर्मचारी गावात मुक्कामाला राहून बैलाचे तास, माणसांचे तास, शेणखत, बियाणं असं सारं टिपत. १९६५ मध्ये कृषी मूल्य आयोग स्थापन झाला. १९७०-७१ पासून देशभर पीकवार उत्पादन खर्च मोजण्याची योजना आली. महाराष्ट्रात ते काम राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आलं. पदरचा खर्च, त्यात घरच्यांची मजुरी, त्यावर स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि भांडवलाचं व्याज अशा खर्चाच्या पायऱ्या ठरल्या. हमीभावाची सगळी चर्चा त्यांवरच चालते.

याच हिशेबाला रस्त्यावर आणलं ते शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी. स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून ते परतले, १९७७ मध्ये चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली आणि स्वतः कसली. खर्च मांडला तर शेती तोट्यात का जाते, हे तिथे त्यांना उमगलं. १९८० चं नाशिकचं कांदा-ऊस आंदोलन उत्पादन खर्चावर आधारित भावासाठी होतं. शेतकऱ्याला आपल्या घामाचा हिशेब मागायला त्या आंदोलनानं शिकवलं, हे ऋण मोठं आहे.

तरीही आज मागे वळून पाहताना एक गोष्ट सलते. हे सारे हिशेब वर गेले: विद्यापीठाकडे, आयोगाकडे, मंत्रालयाकडे. ज्याच्या शेतातून आकडे उचलले, त्याच्या हाती राहिली ती तार. सरासरी खर्च कळला, पण बांधापलीकडच्या शेजाऱ्याला तेच पीक आपल्यापेक्षा स्वस्तात का पडतं, हे कळलं नाही. गावात तुलना होती ती उताऱ्याची. पीक स्पर्धा, सत्कार, एकरी शंभर टन उसाचे फलक. त्या टनांसाठी किती ओतलं, हे फलकावर लिहिलेलं नसे.

मनानेच धरलेलं एक उदाहरण पाहू. एका बागेत एकरी १२ टन द्राक्ष निघालं, खर्च ३ लाख. शेजारच्या बागेत ९ टन, खर्च १ लाख ९८ हजार. गावाच्या नजरेत पहिला मोठा. पण पहिल्याला किलो २५ रुपयांना पडला, दुसऱ्याला २२ रुपयांना. दोघांना ३० रुपये भाव मिळाला तर पहिल्याच्या हाती ६० हजार उरतात, दुसऱ्याच्या ७२ हजार. भाव २४ वर घसरला तर पहिला १२ हजारांनी बुडतो, दुसरा १८ हजार राखून तगतो.

ही नजर द्राक्षपट्ट्यात आधी आली, कारण बाजारानेच तिथे मोजायला लावलं. निर्यातीसाठी १९९१ मध्ये महाग्रेप्स ही द्राक्ष बागायतदारांची संस्था उभी राहिली. २००६ मध्ये अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेने ग्रेपनेट ही नोंदप्रणाली सुरू केली. निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंद, प्रत्येक फवारणीची नोंद, काढणीआधी उर्वरित अंशाची तपासणी. तरीही २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अंशावरून युरोपात माल अडला आणि अनेक घरं कर्जात बुडाली. त्या आघातानंतर वह्या जास्त नेटक्या झाल्या.

एका गावात हंगामानंतरची अशी बैठक मी पाहिली आहे. दहा-बारा बागायतदार शेडमध्ये सतरंजीवर बसले होते. फळ्यावर रकाने आखलेले: औषधं, खतं, मजुरी, पाणी, निर्यातीला गेलेला माल, किलोमागे खर्च. पहिला आकडा सांगायला कुणी तयार होईना. मग एक वयस्कर बागायतदार उठले, चष्मा लावला आणि आपल्या वहीतून औषधांचा खर्च वाचून दाखवला. तो फळ्यावर सगळ्यात मोठा निघाला. शेड शांत झाली. मागून एका तरुणानं हळूच विचारलं, "नाना, गोडी छाटणीनंतर एवढ्या फवारण्या कशाला घेतल्या?" नाना म्हणाले, "दुकानदारानं सांगितल्या." पुढचा तासभर सगळे फक्त फवारणीच्या तारखा ताडून पाहत होते. त्या एका तासात औषधाचा खर्चही बोलला गेला आणि मातीचा, पाण्याचा, खाणाऱ्याच्या पोटाचा विचारही. नफा आणि निसर्ग यांची वही एकच असते, हे मला तिथे पटलं.

पाण्यानेही तेच शिकवलं. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार या गावाने पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली पाण्याचा ताळेबंद गावसभेत मांडला. पाऊस किती पडला, मुरलं किती, मग पीक कोणतं. बोअरवर शेती नाही, ऊस-केळी नाही. २०१९ च्या अटल भूजल योजनेनं महाराष्ट्रासह सात राज्यांत पाण्याचं अंदाजपत्रक ग्रामपंचायतींपर्यंत नेलं. २०२२ पासून पाणी फाउंडेशनच्या फार्मर कपमध्ये गट करून शेती करणारे शेतकरी आपल्या कामाच्या नोंदी ठेवतात आणि एकमेकांकडून शिकतात. हिशेब आता आडवा, बांधावरून बांधावर जाऊ लागला आहे.

वही ताडून पाहिली म्हणून निर्यातबंदी उठत नाही, गारपीट थांबत नाही. रास्त भावाची लढाई वेगळी आहे आणि ती लढावीच लागेल. पण त्या लढाईतही किलोमागचा खर्च ज्याला ठाऊक आहे, त्याचा आवाज खणखणीत लागतो.

वडिलांच्या तारेतल्या पट्ट्या मी जपून ठेवल्या आहेत. त्यांतून भाव कळतात, साल कळत नाही. त्या वर्षांचा खर्च आता कुणालाच सांगता येणार नाही, आईलाही नाही. यंदा मात्र पहिल्या मशागतीपासून मी वही ठेवली आहे. डाव्या पानावर पैसा, उजव्या पानावर घरच्यांचे तास. हंगाम संपला की ती घेऊन शेजारच्या ओट्यावर जाऊन बसणार आहे, आणि पहिला आकडा मीच वाचणार आहे.